फुप्फुसाच्या कर्करोगावरील किरणोपचार आणि मात्रेचे माप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जी व्याख्यानमाला योजली आहे, तीत आरोग्य या विषयावर दोन शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही वैद्य नव्हे, आणि गणितातही आमची गती बेताचीच. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. पदार्थविज्ञानाचे जे थोडे पाठ शाळेत झाले होते, ते केव्हाच विसरून गेलो. तथापि आज आम्ही विषय निवडला आहे तो फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणांनी जे उपचार करितात, त्यांतील मात्रेच्या मापाचा. असा रूक्ष विषय धर्मगुरूने का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर एवढेच की, या विषयाच्या अज्ञानापायी आमच्या हातून एक चूक घडली, आणि तिचा भार दुसऱ्यास वाहावा लागला. ती चूक आम्ही प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विवेचन आपणांस रूक्ष वाटणार नाही.

आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षे कारकून होते. सर्व लहानथोर त्यांस बाबा म्हणत. आम्हीही तेच म्हणतो. त्यांस खोकला जडला. आपल्याकडे खोकला म्हटला की प्रथम क्षयाची शंका येते. त्यात काही महिने गेले. अखेर तपासणीत उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ आढळली. शस्त्रक्रिया झेपण्यासारखी प्रकृती नव्हती. डॉक्टरांनी औषधे व किरणोपचार सांगितले, आणि मुले त्यांस घेऊन शहरातील एका इस्पितळात गेली. पहिल्या दिवशी त्यांस एका साच्यात निजवून स्कॅन काढला, छातीवर सुईच्या अग्राएवढे तीन ठिपके गोंदले, आणि दहा-बारा दिवसांनी या असे सांगितले. मुले गडबडली. रोग पोटचा शत्रू, खोली भाड्याची, कारखान्यातून मिळालेला पैसा रोज सरतो आहे, आणि हे म्हणतात दहा दिवसांनी या! त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही क्षणाचाही विचार न करिता म्हणालो, ‘रोग काय कोणासाठी थांबतो? येथे दिरंगाई आहे, दुसरीकडे न्या.’

बाबांस ते पटले नव्हते. ते एवढेच म्हणाले, ‘फादर, त्यांचे काही मोजायचे चालले असेल.’ परंतु फादरांचा शब्द मोडावयाचा नाही म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या इस्पितळात, सर्व काही नव्याने झाले: नवा साचा, नवा स्कॅन, नवे ठिपके, आणि पुन्हा बारा दिवसांची वाट. एकूण तीन आठवडे आम्ही आमच्या शहाणपणाने घालविले. त्या तीन आठवड्यांनी काय अधिकउणे झाले, हे आम्ही डॉक्टरांस विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

पुढे आम्ही बाबांस भेटावयास गेलो असता तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी आम्हांस आपल्या खोलीत बसवून, त्या बारा दिवसांत काय चालते ते समजावून दिले. त्यानंतर आम्ही पुष्कळ वाचन केले. जे समजले ते आता आपल्यापुढे मांडतो.

प्रथम मात्रा म्हणजे काय ते पाहू. वैद्य हेमगर्भाची मात्रा उगाळून देतो, ती वळशांवर मोजितो. कंपाउंडर औषध थेंबांवर मोजितो. किरणांची मात्रा मोजावयाची ती शरीरात किती ऊर्जा मुरली यावरून. एक किलो मांसात एक जूल ऊर्जा मुरली, म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. हे नाव लुई हॅरोल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञावरून पडले आहे. फुप्फुसाच्या अशा गाठीस पुष्कळदा एकूण 60 ग्रे मात्रा देतात. ती रोज 2 ग्रे याप्रमाणे 30 फेऱ्यांत, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत. आता चमत्कार असा की, 2 ग्रे मात्रेने मांस किती तापते म्हणाल, तर एका अंशाच्या दोन-हजाराव्या भागाइतके. म्हणजे रोग्यास काहीच कळत नाही. कढत पाणी हातावर पडले तर माणूस हात मागे घेतो. औषध कडू लागले तर तोंड वाकडे करितो. किरण दुप्पट पडले काय, निम्मे पडले काय, मेजावर निजलेल्या माणसास त्या घटकेला काहीच उमगत नाही. ते उमगते आठवड्यांनी वा महिन्यांनी, जेव्हा उपाय उरलेला नसतो. जेथे इंद्रिये साक्ष देत नाहीत, तेथे मापावाचून गत्यंतर नाही.

आणि हे माप किती काटेकोर असावे? किरणांच्या एककांविषयी व मापांविषयी जे आंतरराष्ट्रीय मंडळ आहे, त्याने 1976 साली सांगून ठेविले की, गाठीस पोहोचलेली मात्रा ठरविलेल्या मात्रेपासून शेकडा 5 हून अधिक ढळू नये. हा आकडा उगाच धरलेला नाही. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघाने 2004 साली फुप्फुसासारख्या विषम भागांतील गणितावर एक अहवाल काढिला. त्यात म्हटले आहे की, मात्रेत शेकडा 5 चा फरक पडला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता शेकडा 10 ते 20 नी बदलू शकते. मात्रा कमी पडली तर गाठीतील काही पेशी वाचतात व रोग उलटतो. अधिक पडली तर शेजाऱ्यांस इजा होते. आणि छातीत शेजारी कोण कोण आहेत? पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू, जो फार दुखावला तर पाय कायमचे जातात, अन्ननलिका, हृदय, आणि स्वतः निरोगी फुप्फुस. दोन्ही फुप्फुसांचा जो भाग 20 ग्रे वा अधिक मात्रा घेतो, तो एकंदर फुप्फुसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ नये, याकडे डॉक्टरांचे डोळे लागलेले असतात; कारण त्यापुढे फुप्फुसास सूज येऊन दम कोंडण्याची भीती वाढते. शेतात तण काढावयाचे, परंतु खुरप्याचा एक घाव पिकाच्या मुळास लागू द्यावयाचा नाही, असे हे काम आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. किरण बाहेरून सोडावयाचे आणि आत गाठीस किती पोहोचले हे गणिताने सांगावयाचे. शरीराचा बहुतेक भाग पाण्यासारखा आहे. म्हणून पूर्वीच्या काळी पाण्याने भरलेल्या टाकीत किरण सोडीत, किती खोलीवर किती मात्रा उरते ते मोजीत, आणि तेच कोष्टक रोग्यास लावीत. मांडीस, पोटास, डोक्यास हे बरेचसे जुळे. परंतु फुप्फुस पाण्यासारखे नाही. ते पिंजलेल्या कापसासारखे, हवेने भरलेले आहे. एक घन सेंटीमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम. तेवढ्याच फुप्फुसाचे वजन ग्रॅमच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके.

आपण भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेली माणसे आहोत. प्रवरेवरील ते धरण 1926 साली पुरे झाले, आणि तेव्हापासून पाटपाण्याचा हिशेब आपल्या घरोघरी चालतो. काळी जमीन पाणी धरिते. मुरमाड जमीन धरीत नाही, पाणी खाली निघून जाते. सर्व रान काळे आहे असे समजून पाटकऱ्याने पाण्याचे तास ठरविले, आणि मध्येच मुरमाचा पट्टा निघाला, तर त्याचा हिशेब चुकणारच. फुप्फुस हा शरीरातील मुरमाचा पट्टा होय. ते किरणांस फारसे धरीत नाही. किरण त्यातून सहज पुढे जातात, आणि पलीकडे अपेक्षेहून अधिक पोहोचतात. कोबाल्टच्या यंत्रातील किरणांचा जुना ठोकताळा असा आहे की, वाटेत जितके सेंटीमीटर फुप्फुस, तितके वेळा सुमारे शेकडा 4 मात्रा पलीकडे जास्त. वाटेत आठ सेंटीमीटर फुप्फुस असेल, तर पाण्याचे कोष्टक लावणाऱ्याची चूक शेकडा 30 हून वर गेली. पाच टक्क्यांची मर्यादा कोठे आणि ही चूक कोठे!

मग डॉक्टरांनी फुप्फुस किती जाड आहे ते पाहून हिशेब का सुधारू नये? उत्तर असे की, जिवंत माणसाच्या छातीत कोठे फुप्फुस, कोठे हाड, कोठे गाठ, आणि प्रत्येक जागी घनता किती, हे पाहण्याचे साधनच फार दिवस नव्हते. ते साधन ज्या प्रश्नातून निघाले, तो हाच प्रश्न होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे.

1955 साली दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे ग्रूट स्क्यूर नावाच्या इस्पितळातील भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सोडिली. किरणोत्सर्गी पदार्थांवर जाणकाराची देखरेख असावी, असा तेथील कायदा होता. म्हणून विद्यापीठातील अॅलन कॉर्मॅक नावाच्या तरुण अध्यापकास आठवड्यातून दीड दिवस तेथे बसावयास सांगितले. त्यांनी पाहिले की, किरणोपचारांची आखणी करितांना रोग्याचे शरीर सर्वत्र एकसारखे आहे असे धरितात. हे खरे नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले. शरीर न उघडिता, सर्व बाजूंनी किरण आरपार सोडून, आतील प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढिता येईल काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि सोडविला. त्यांचे लेख 1963 व 1964 साली छापले गेले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. ज्या थोड्या पृच्छा आल्या, त्यांतली एक स्वित्झर्लंडातील हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची होती. बर्फाच्या थरांस ही रीत लावावी असा त्यांचा विचार. पुढे इंग्लंडात गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र तयार केले, 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र त्यावर निघाले, आणि 1979 साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यास आपण सी.टी. स्कॅन म्हणतो, ते हेच. त्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो: पाण्यास शून्य, हवेस उणे 1000, आणि फुप्फुसास त्या दोहोंच्या दरम्यान, हवेकडे झुकलेला, उणे 700 च्या आसपास. बाबांस पहिल्याच दिवशी साच्यात निजवून जो स्कॅन काढिला होता, तो केवळ रोग पाहण्यासाठी नव्हता. त्यांच्या छातीच्या कणाकणाचे वजन घेण्यासाठी होता. आम्ही ते ओळखले नाही.

आता आपणांस वाटेल की, घनता कळली, गणित सुटले. तसे नाही. येथे दुसरी, अधिक सूक्ष्म अडचण आहे. किरण स्वतः मात्रा देतात असे म्हणणे पुरते खरे नव्हे. किरण मांसात शिरून इलेक्ट्रॉन नावाचे कण उडवितात, आणि ते कण धावत धावत आपली ऊर्जा वाटेत टाकीत जातात, ती मात्रा. पाण्यासारख्या मांसात हे कण थोडेच अंतर जातात, फार तर दीड-दोन सेंटीमीटर. एका जागेतून जितके बाहेर जातात, तितके शेजारून आत येतात, जमाखर्च मिळतो. परंतु फुप्फुस विरळ. तेथे तेच कण तिपटीने, चौपटीने दूर धावतात. लहानशी गाठ, सभोवार विरळ फुप्फुस, आणि तिच्यापुरताच अरुंद किरणझोत, असे असले म्हणजे कण झोताच्या बाहेर निघून जातात, आणि बाहेरून तितके आत येत नाहीत. परिणाम असा की, गाठीच्या कडेला मात्रा उणी पडते. शेताच्या बांधाजवळचा वाफा तहानलेला राहावा, तसे. आणि कडेलाच तर रोगाची वाढती मुळे असतात!

पहिली चूक मात्रा कमी समजण्याची, ही दुसरी चूक मात्रा जास्त समजण्याची. जुन्या संगणकी रीती किरण सरळ रेषेत मोजीत. कण आडवे कोठे जातात ते त्यांस दिसत नसे. त्या रीतींनी काढिलेला आकडा कागदावर पुरा दिसे आणि गाठीच्या कडेस उणा असे. याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रोग्यांच्या लहान गाठींस मोठी मात्रा तीनच फेऱ्यांत देण्याचा प्रयोग अमेरिकेत अनेक इस्पितळांनी मिळून केला. त्याचे फळ 2010 साली प्रसिद्ध झाले: तीन वर्षांनंतर शंभरांतील सत्त्याण्णवांहून अधिकांची मूळ गाठ आटोक्यात होती. तेथे मात्रा ठरविली होती 20 ग्रेच्या तीन फेऱ्या, एकूण 60. परंतु ती फुप्फुसाचा विरळपणा हिशेबात न घेता. पुढे त्याच आखण्या नव्या, खऱ्या रीतीने मोजून पाहिल्या, तेव्हा कळले की, गाठीस पोहोचलेली मात्रा 54 ग्रेच्या आसपास होती. उपचार तोच, रोगी तेच, माप बदलले. यास्तव पुढे खऱ्या रीतीने मोजणारे 18 ग्रेच्या तीन फेऱ्या, एकूण 54, असे लिहू लागले. कोणी न समजता नव्या मापाने 60 लिहिले असते, तर ती मात्रा पूर्वीच्या रोग्यांस दिलेल्या मात्रेहून सुमारे शेकडा अकरा अधिक झाली असती. आकडा एकटा काही सांगत नाही. तो कोणत्या मापाने काढिला, हे ठाऊक पाहिजे. मण म्हटले तरी कोणत्या गावचा मण, हे आपले आजोबा विचारीत, ते उगीच नव्हे.

आजच्या खऱ्या रीती या आडव्या धावणाऱ्या कणांचाही हिशेब ठेवितात. त्यांपैकी सर्वांत बारीक रीतीस मॉन्टे कार्लो म्हणतात. मोनॅको देशातील जुगारगृहांकरिता प्रसिद्ध असलेल्या स्थळाचे हे नाव आहे. कारण त्या रीतीत संगणक एकेका कणाचे भवितव्य जणू फासे टाकून ठरवितो, आणि असे कोट्यवधी कण मोजून त्यांची सरासरी काढितो. एका कणाविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही. कोट्यवधींविषयी निश्चित सांगता येते. आणखी एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. अधिक जोराचे किरण अधिक चांगले, असे आपणांस वाटेल. फुप्फुसात तसे नाही; जोर जितका अधिक, तितके कण अधिक दूर पळतात व गाठीची कड अधिक उणी पडते. म्हणून जाणते लोक येथे मध्यम जोराचेच किरण पसंत करितात.

तिसरी अडचण श्वासाची. बाबांस जेव्हा ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘फादर, हलत्या गाडीचे वजन खरे येत नाही. बैल पुढचा पाय उचलून उभा असला, तरी काटा डोलतो. काटा ठरू द्यावा लागतो.’ फुप्फुसातील गाठ स्थिर नाही. श्वासाबरोबर ती खालीवर जाते. पडद्याजवळच्या गाठी कधी एक-दोन सेंटीमीटरही सरकतात. शिवाय श्वास आत घेतला की फुप्फुस आणखी विरळ होते, म्हणजे वजनही बदलते. म्हणून आता श्वासाच्या सर्व टप्प्यांचा स्कॅन काढितात, गाठीचा संपूर्ण फिरता आवाका आखितात, पोटावर पट्टा बांधून श्वास उथळ ठेवितात, किंवा रोग्यास श्वास रोखावयास शिकवून त्या घटकेलाच किरण सोडितात. श्वास रोखण्याची तालीम बाबांस दिली, तेव्हा ते ती खोलीवर येऊन घड्याळ लावून करीत.

एवढे झाल्यावरही काम संपत नाही. गणित कागदावर बरोबर आले. परंतु यंत्र तेवढेच किरण सोडिते काय? हे पाहण्यासाठी रोग्यास हात लावण्यापूर्वी तीच आखणी एका निर्जीव पुतळ्यावर चालवितात. फुप्फुसाच्या जागी कॉर्कसारखा हलका पदार्थ घालितात, आत मापक ठेवितात, आणि संगणकाचा आकडा व मापकाचा आकडा जुळतो काय ते ताडून पाहतात. आणि मापक तरी खरा कशावरून? वजनकाट्याची वजने जशी वैधमापनाचे निरीक्षक प्रमाण वजनांशी ताडून पाहतात, तसे इस्पितळांचे मापक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत प्रमाण मापकांशी ताडून घेतात, आणि तेथील प्रमाणे जगाच्या प्रमाणांशी जोडलेली असतात.

या विद्येची आपल्या महाराष्ट्रातील परंपराही जुनी आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या विश्वस्तनिधीतून मुंबईस परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले व 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. भारतातील पहिले वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून ज्यांचा मान होतो, ते डॉ. रामय्या नायडू तेथलेच. 1962 साली ते इस्पितळ अणुऊर्जा खात्याकडे आले, आणि त्याच वर्षी तुर्भे येथे या विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे शिकलेली माणसे आज देशभरातील इस्पितळांत आहेत. किरणांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारे सरकारी मंडळ 1983 साली स्थापन झाले. आपल्या नगर जिल्ह्यातील, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात त्यातील, रोगी मुंबईस, पुण्यास, नाशकास जातात. जामखेडकडील कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळात जातात. कोठेही गेले तरी डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. मात्रा मोजणारा मनुष्य बहुधा दिसत नाही. तो आतल्या खोलीत असतो. त्याचेच ते दहा-बारा दिवस.

येथे एक शंका निघते. मात्रेने गाठ मरते, तर अधिक मात्रा देऊन निकाल का लावू नये? हाही प्रयोग झाला. पसरत चाललेल्या गाठींच्या काही रोग्यांस 60 ग्रे व काहींस 74 ग्रे दिले. सर्वांचा कयास होता की 74 वाले अधिक जगतील. 2015 साली निकाल छापला गेला: 60 ग्रेवाल्यांचे मध्यम आयुर्मान 28.7 महिने, 74 वाल्यांचे 20.3 महिने. अधिक दिले आणि कमी जगले. हृदयास बसलेले जास्तीचे किरण हे त्याचे एक कारण सांगतात. उपकार करितांनाही हात राखावा लागतो, ही गोष्ट आम्ही उपदेश करणाऱ्यांनीही ध्यानी धरावी.

बंधूंनो, आता आपल्या उपयोगाचे थोडके सांगतो. आपल्या घरी असा प्रसंग आला, तर पहिल्या स्कॅननंतरच्या दिवसांस दिरंगाई समजू नका. किती दिवस लागतील व त्यात काय होणार, हे डॉक्टरांस नम्रपणे विचारा. विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. फार उशीर होत आहे असे वाटले तर तेथेच बोला. मनाने इस्पितळ बदलू नका, कारण माप नव्याने घ्यावे लागते. जडीबुटीवाल्याच्या नादी लागून ते दिवस घालवू नका. छातीवरील ठिपके वा रेघा घासून काढू नका. फेरी चुकवू नका. सुगी असो, लग्न असो, यात्रा असो, मध्ये खंड पडला की गाठीस पुन्हा वाढावयास सवड मिळते. उपचार चालू असता वजन उतरले, दम वाढला, ताप आला, तर त्याच दिवशी सांगा. गाठ आटते, मिटलेले फुप्फुस उघडते, छातीचा आकार बदलतो, आणि मग जुने माप चालत नाही, पुन्हा स्कॅन काढावा लागतो. आणि विडी सोडा. संगमनेर व नगर ही विड्यांची जुनी गावे. विड्या वळून पुष्कळ घरे चालली, हे आम्ही जाणतो. परंतु या रोगाचे सर्वांत मोठे कारण धूर हेच आहे. विडी न ओढणाऱ्यांसही हा रोग होतो, म्हणून रोग्यास दोष मात्र कोणी देऊ नये. खोकला तीन आठवडे हटला नाही, थुंकीत रक्त दिसले, तर तपासणी करा; आणि क्षयाच्या औषधाने गुण येत नसेल, तर पुन्हा तपासणी करा.

बाबांनी तीसही फेऱ्या पुऱ्या केल्या. त्यानंतरचे दोन नाताळ त्यांनी आपल्यात काढिले. दुसऱ्या नाताळास ते मध्यरात्रीच्या मिस्सेला चालत आले होते, हे आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. गेल्या उपवासकाळात ते निवर्तले. त्यांच्या शेवटच्या आजारात आम्ही त्यांस म्हणालो, ‘बाबा, ते तीन आठवडे आमच्यामुळे गेले, आम्हांस क्षमा करा.’ ते म्हणाले, ‘फादर, तुम्हांला ठाऊक नव्हते. पण आता ठाऊक झाले ना? मग दुसऱ्यांना सांगा.’

खोट्या तराजूविषयी शास्त्रात काय सांगितले आहे, ते आम्ही या मंडपात अनेकदा सांगितले आहे; परंतु खरे माप घेण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हीही प्रीतीच आहे, हे आम्हांस एका काट्यावरच्या कारकुनाने शिकविले. त्यांची आज्ञा म्हणून आजचे हे बोलणे.